रंगांचा चार्ट, लॉटरीचे आकडे आणि आपल्याला दिसणारा ट्रेंड

आकडेमोड (धागाकर्ता):

रंग ओळखण्याच्या खेळांचा किंवा लॉटरीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "नीट बघितलं तर पॅटर्न सापडतो." असं म्हणणारी माणसं भाबडी नसतात. निकाल वहीत उतरवून घेतात, रात्र रात्र जागून चार्ट रंगवतात, खरोखर मेहनत घेतात. म्हणूनच यावर आकडे मांडून बोलावं असं वाटलं. पैसे लावावेत की लावू नयेत हा वाद आपण दुसरीकडे करू. इथे प्रश्न एवढाच आहे : मागचे निकाल बघून पुढचा निकाल सांगता येतो का?

ज्यांनी रंगांचा हा अॅपवरचा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठरावीक वेळाने, बहुधा दर मिनिटाला, ० ते ९ मधला एक अंक निघतो. १, ३, ७, ९ हिरवे. २, ४, ६, ८ लाल. ५ हा हिरवा आणि जांभळा दोन्ही, ० हा लाल आणि जांभळा दोन्ही. म्हणजे विषम अंक आला की हिरवा, सम आला की लाल. प्रत्येक फेरीला एक पिरियड नंबर असतो आणि खाली मागच्या निकालांचे रंगीत ठिपके दिसत राहतात. सगळा अभ्यास चालतो तो या ठिपक्यांवर.

खाली पन्नास निकाल देतोय. डावीकडून उजवीकडे वाचा, ओळ संपली की पुढची ओळ. हि म्हणजे हिरवा, ला म्हणजे लाल.

हि ला हि हि हि ला ला हि हि हि
ला हि हि हि हि ला हि ला ला ला
ला ला ला हि हि ला हि ला हि हि
हि ला ला ला ला ला हि हि हि हि
ला हि हि हि हि हि हि हि हि ला

एकावन्नावा कोणता येईल आणि का, ते सांगा. अंक कुठून घेतलेत हे उद्या सांगतो.

रातकिडा:

हा चार्ट तर बोलतोय! सुरुवातीपासून हिरव्याचा जोर आहे. मध्ये दोनदा लालची लांब रांग लागली, आधी सहाची, मग पाचची. त्या दोन्हींनंतर हिरवा परत आलाय, आणि शेवटी तर सलग आठ हिरवे. ट्रेंड स्पष्ट हिरव्याचा आहे. पन्नासावा लाल हा फक्त ब्रेक. एकावन्नावा हिरवा.

निशिगंध:

मी उलट म्हणेन. मोजून पाहिलं, ५० मध्ये ३० हिरवे आणि २० लाल आहेत. दोन्ही रंगांना सारखी संधी असेल तर लाल दहाने मागे पडलाय. ही तूट कधीतरी भरून निघणारच ना? सरासरीचा नियम आहे. माझा कौल लाल.

खडूफळा:

निशिगंधताई, तुमचा मुद्दा वर्गात दर वर्षी कोणीतरी मांडतंच, आणि मांडणारी मुलं बहुधा हुशार असतात. मी आत्ता उत्तर देत नाही, धागाकर्त्याचा डाव मोडेल. फक्त एक सांगतो. मुलांना मी दोन गट करायला लावतो. एका गटाने नाणं वीस वेळा उडवून निकाल लिहायचे, दुसऱ्याने नाण्याला हात न लावता मनानेच वीस निकाल लिहायचे. मग मी कागद बघून कोणता खरा ते ओळखतो. खूण साधी आहे. मनाने लिहिणारी मुलं सलग चार छाप लिहायला घाबरतात. तीन झाले की त्यांचा हात आपोआप काट्याकडे वळतो. खऱ्या नाण्यात मात्र वीस फेकींत सलग चार किंवा जास्त सारखे निकाल येण्याची शक्यता ७६.८ टक्के आहे.

आपल्या मनात यादृच्छिकतेचं, म्हणजे निव्वळ योगायोगाने येणाऱ्या निकालांचं, जे चित्र आहे ते खऱ्यापेक्षा फार नीटनेटकं आहे. म्हणून खरा चार्ट समोर आला की तो आपल्याला "बोलतोय" असं वाटतं.

आकडेमोड:

खडूफळा सर, नेमकं बोललात. आता उलगडा.

वरचे पन्नास निकाल म्हणजे वर्तुळाच्या π चे दशांश चिन्हानंतरचे पहिले पन्नास अंक. १४१५९२६५३५ ही पहिली ओळ, ८९७९३२३८४६ ही दुसरी, आणि असंच पुढे. विषमला हिरवा, समला लाल. सहा लालची रांग म्हणजे ८४६२६४. आठ हिरव्यांची रांग म्हणजे ९३९९३७५१. एकावन्नावा अंक ५ आहे, म्हणजे हिरवा-जांभळा. रातकिडा यांचा अंदाज बरोबर आला, पण बावन्नावा ८ आहे, लाल. π ला हिरव्याचा जोर नाही आणि लालचं देणंही नाही.

निशिगंध यांच्या प्रश्नावर मात्र थांबायला हवं, कारण सगळ्या खेळाचं मर्म तिथे आहे. पन्नास अंकांनंतर हिरवा दहाने पुढे होता. पहिले हजार अंक घेतले तर विषम ५१६ आणि सम ४८४ निघतात. म्हणजे हिरवा आता बत्तीसने पुढे आहे! तूट भरून निघाली नाही, उलट वाढली. एकावन्नाव्या अंकापासून हजाराव्यापर्यंतच मोजलं तर ४८६ हिरवे आणि ४६४ लाल. लालची थकबाकी वसूल होईल या भरवशावर जो लालवर बसून राहिला असता, तो तिथेही मागेच पडला असता.

पण टक्केवारी बघा. पन्नासात हिरवा ६० टक्के होता, हजारात ५१.६ टक्के. सरासरीचा नियम खरा आहे, तो फक्त टक्केवारीबद्दल बोलतो. जुनी तफावत कोणी फेडत नाही. ती नव्या निकालांच्या गर्दीत किरकोळ होत जाते, एवढंच.

आणि ५० मध्ये ३० हे विचित्रही नाही. संधी अगदी समसमान असली तरी पन्नास फेऱ्यांत ३०-२० किंवा त्याहून मोठी तफावत (कोणत्याही बाजूने) साधारण पाचात एकदा येते.

निशिगंध:

हे पटलं, आणि धक्काही बसला. मला वाटायचं तूट भरली नाही तर सरासरी जमणारच कशी. मोठ्या संख्येत ती बुडून जाते हे कधी सुचलंच नव्हतं.

बारीकनजर:

पण आकडेमोड, तुमच्या उदाहरणात एक अडचण आहे. π चा प्रत्येक अंक आधीपासून ठरलेला आहे. त्यात "योगायोग" कसला? सूत्र माहीत असेल तर एकावन्नावाच काय, दहा लाखावा अंकही सांगता येतो. मग अॅपमधला निकालही सूत्रातूनच येत असेल, तर सूत्र शोधणाऱ्याला तो सांगता यायला हवा. पॅटर्नवाले नेमकं हेच म्हणतात.

आकडेमोड:

हा प्रश्न यावा म्हणूनच π घेतला होता.

कॉम्प्युटर जे आकडे काढतो ते बहुधा असेच असतात : पक्क्या सूत्रातून निघालेले, पण दिसायला यादृच्छिक. सूत्राला सुरुवातीला एक मोठी संख्या द्यावी लागते, तिला सीड म्हणतात. सूत्र आणि सीड दोन्ही हातात असेल तर पुढचा प्रत्येक आकडा सांगता येतो. चांगल्या प्रतीच्या जनरेटरमध्ये (आकडे काढणाऱ्या प्रोग्राममध्ये) मात्र नुसते बाहेर पडलेले आकडे बघून सीडपर्यंत उलटं जाता येत नाही. तो तसाच बांधलेला असतो, कारण बँकेचे व्यवहार आणि पासवर्ड याच कुलपावर उभे आहेत. इथे तर आपल्याला शंभर-दोनशे रंगीत ठिपके दिसतात. त्यावरून सीड काढू शकणारा माणूस रंगांच्या खेळात वेळ घालवणार नाही.

सूत्र असणं वेगळं, ते आपल्या हाती लागणं वेगळं. रातकिडा यांच्यासमोर खरंखुरं, पक्कं सूत्र होतं. तरी त्यांना दिसला तो "हिरव्याचा जोर".

रातकिडा:

मान्य. मी मन लावून वाचतोय. पण लॉटरीत तर सूत्र नाही, चेंडू असतात. तिथे कोणते नंबर हॉट आणि कोणते कोल्ड याच्या याद्या लोक वर्षानुवर्षं ठेवतात. त्यात काहीच तथ्य नाही?

खडूफळा:

याला मी उत्तर देतो, π वरच. पहिल्या हजार अंकांत १ हा ११६ वेळा आलाय, म्हणजे हॉट. ० आणि ४ फक्त ९३-९३ वेळा, म्हणजे कोल्ड. आता दोन पंथ तयार होतात. एक म्हणतो हॉट धरा, दुसरा म्हणतो कोल्डची पाळी आली.

पुढचे नऊ हजार अंक पाहिले तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरीने ९०० यायला हवेत. १ आला ९१० वेळा. ४ आला ९१९ वेळा. ० आला ८७५ वेळा. दोन कोल्ड अंकांपैकी एक हॉटच्याही पुढे गेला, दुसरा अजून मागे. दोन्ही पंथांना आपापलं उदाहरण मिळालं आणि दोघेही बरोबर असल्याच्या समजुतीत राहतील. हजार निकालांची यादी पुढच्या नऊ हजारांबद्दल काही सांगत नव्हती.

चेंडूंच्या यंत्रात खरा दोष असेल, एखादा चेंडू जड असेल, तर फरक पडेल. पण तो फरक पकडायला फार मोठी यादी लागते, आणि लॉटरीवाले चेंडूंचं वजन-माप नियमाने तपासतात ते याचसाठी.

पाऊलवाट:

वजनावरून आठवलं. २४ एप्रिल १९८० ला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लॉटरीत ६६६ निघाला होता. आतल्या माणसांनी ४ आणि ६ सोडून बाकी सगळ्या चेंडूंत रंग टोचून ते जड केले होते, म्हणजे वर येतील ते फक्त ४ आणि ६. या दोन अंकांपासून तीन आकडी संख्या होतात फक्त आठ, आणि कटातल्या लोकांनी त्या आठांवर मोठे पैसे लावले होते. ते उघडकीला आलं तेही त्या विचित्र खरेदीमुळेच.

दुसरं प्रकरण कॉम्प्युटरचं. अमेरिकेत अनेक राज्यांची लॉटरी चालवणाऱ्या संस्थेतला माहिती-सुरक्षा प्रमुख एडी टिप्टन याने आकडे काढणाऱ्या प्रोग्राममध्येच गुपचूप ओळी घातल्या होत्या. वर्षातल्या काही ठरावीक तारखांना आकडे आधी सांगता येतील अशी सोय. २९ डिसेंबर २०१० च्या सोडतीचं १ कोटी ६५ लाख डॉलरचं तिकीट त्यातूनच आलं होतं. २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

आकडेमोड:

पाऊलवाट, आभार. या दोन्ही ठिकाणी पॅटर्न खरा होता, पण तो कोणाच्या हातात होता ते बघा. ज्याचा हात यंत्रापर्यंत पोचत होता त्याच्या. मागच्या सोडतींची यादी घेऊन बसलेल्या खेळाडूला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

बारीकनजर:

पण बाहेरच्या माणसांनीही लॉटरीला हरवलंय. ती उदाहरणं टाळून चालणार नाही.

कॅनडातल्या टोरांटोचे संख्याशास्त्रज्ञ मोहन श्रीवास्तव यांनी २००३ मध्ये एका खरवडायच्या तिकिटाचं कोडं सोडवलं. तिकिटावर फुली-गोळ्यासारखे चौकोन उघडे छापलेले होते. त्यांत जे आकडे संपूर्ण तिकिटावर एकदाच येतात, ते तीन एका रेषेत असले की तिकीट बहुधा जिंकणारं निघायचं. न खरवडताच ओळखता येत होतं. त्यांनी स्वतः लॉटरीवाल्यांना कळवलं आणि तो खेळ मागे घेतला गेला.

दुसरे स्टेफान मँडेल. १९९२ मध्ये व्हर्जिनियाच्या लॉटरीत ४४ पैकी ६ आकडे निवडायचे होते, म्हणजे एकूण ७०,५९,०५२ जुळण्या. तिकीट एक डॉलरचं आणि बक्षीस फुगत फुगत सुमारे २ कोटी ७० लाख डॉलरवर गेलेलं. त्यांच्या गटाने लाखो तिकिटं विकत घेतली आणि जिंकले.

आकडेमोड:

ही उदाहरणं माझ्या मनातही होती, आणि धाग्यात ती यायलाच हवी होती. दोघांनी काय वाचलं याकडे लक्ष द्या. श्रीवास्तव यांनी हातातलं तिकीट वाचलं, छपाईतून माहिती कुठे गळते ते शोधलं. मँडेल यांनी नियम वाचले, किती जुळण्या आणि किती बक्षीस याचा हिशेब केला. मागच्या सोडतीत कोणते आकडे आले होते याच्याशी दोघांनाही देणंघेणं नव्हतं. लॉटरीला गणिताने हरवल्याच्या जितक्या गोष्टी मला माहीत आहेत, त्या सगळ्या नियमातल्या किंवा तिकिटातल्या फटीच्या आहेत. निकालांच्या यादीतून कोणी जिंकल्याची एकही नाही.

सानिका_म:

पहिल्यांदाच लिहितेय. मग एकच निकाल दोनदा आला तर? बल्गेरियात असं झालं होतं ना, लागोपाठ तेच सहा आकडे? ते तर संशयास्पदच वाटतं.

खडूफळा:

स्वागत सानिका. हो, सप्टेंबर २००९. सहा तारखेला ४, १५, २३, २४, ३५, ४२ आले आणि दहा तारखेच्या सोडतीत तेच सहा परत. चौकशी झाली, घोटाळा सापडला नाही.

आपली चूक प्रश्न विचारण्यात होते. "हेच सहा आकडे पुढच्या सोडतीत परत येतील का?" याची शक्यता ५२,४५,७८६ मध्ये एक. पण आपण हा प्रश्न आधी विचारलेला नसतो. घटना घडल्यावर आपण थक्क होतो. खरा प्रश्न असा, की जगभरातल्या इतक्या लॉटऱ्यांत, इतक्या वर्षांत, कुठेतरी काहीतरी परत येईल का? ४२ पैकी ६ च्या एकाच लॉटरीत सुमारे २७०० सोडती झाल्या की त्यांतल्या कोणत्या तरी दोन सारख्या असण्याची शक्यता निम्म्यावर पोचते. आठवड्याला दोन सोडती धरल्या तर पंचवीस-सव्वीस वर्षं. २३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, तेच हे गणित. लागोपाठच्या दोन सोडतींत तसं होणं जास्त दुर्मीळ, हे खरं. पण सगळ्या देशांच्या सगळ्या सोडती एकत्र धरल्या तर तेही अशक्य कोटीतलं राहत नाही.

सानिका_म:

समजलं सर. मी मुळात इथे आले ते धाकट्या भावामुळे. तो रंगांच्या खेळात डबलिंग करतो. हरलो की पुढच्या फेरीत दुप्पट लावायचं, कधीतरी रंग लागतोच, मग सगळं वसूल होऊन वर नफा. त्याचं म्हणणं असं की यात हरणं शक्यच नाही, आणि मला त्याला उत्तर देता येत नाही.

आकडेमोड:

सानिका, याचं उत्तर त्याच्याच खेळाच्या नियमांत आहे. त्याला वही-पेन घेऊन बसव आणि हा हिशेब त्याच्याच हाताने करायला लाव.

या खेळांत सर्रास दिसणारी पद्धत अशी : लावलेल्या रकमेतून २ टक्के सेवाशुल्क कापतात आणि उरलेल्याच्या दुप्पट देतात. म्हणजे १०० लावले तर ९८ धरले जातात आणि जिंकल्यास १९६ मिळतात. हिरव्यावर लावलं आणि ५ आला, किंवा लालवर लावलं आणि ० आला, तर दुप्पट नाही, दीडपट. म्हणजे १४७.

आता १० पासून डबलिंग सुरू. १०, २०, ४०, ८०, १६०, पाचही हरले. गेले ३१०. सहाव्या फेरीला ३२० लावले आणि रंग लागला! शुल्क कापून ३१३.६०, त्याचे दुप्पट ६२७.२०. लावलेले ३२० वजा केले की हाती ३०७.२०. आधीचे गेलेले ३१०. जिंकूनसुद्धा २.८० चा तोटा. सहाव्या फेरीपासून पुढे डबलिंगमध्ये "वसूल" हा प्रकारच उरत नाही. आणि जिंकताना नेमका ० किंवा ५ आला तर हाती येतात फक्त १५०.४०, म्हणजे दीडशेच्या वर खड्डा.

हे झालं जिंकल्यावर. रांग लांबली तर काय? दर मिनिटाला एक फेरी म्हणजे दिवसाला १४४० फेऱ्या. इतक्या फेऱ्यांत एकाच रंगाची सलग दहा किंवा जास्तची रांग दिवसाकाठी सरासरी १.४ वेळा लागते. चारपैकी तीन दिवशी निदान एक तरी अशी रांग असतेच. आठ किंवा जास्तच्या रांगा रोज पाच-सहा. दहा सलग हरले तर १० पासून सुरू करणाऱ्याचे १०,२३० गेलेले असतात आणि अकराव्या फेरीला १०,२४० लागतात. हे सगळं निकाल पूर्ण प्रामाणिक आहेत असं धरून बरं का.

पाऊलवाट:

माँटे कार्लोची गोष्ट इथे हवीच. १८ ऑगस्ट १९१३ ला तिथल्या कॅसिनोत रूलेटवर, म्हणजे लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकावर, काळा सलग २६ वेळा आला. जसजशी रांग वाढत गेली तसतसे लोक लालवर अधिकाधिक पैसे ओतत गेले, आता तरी फिरेल म्हणून. सव्विसाव्या वेळीही काळा येण्याची शक्यता पहिल्या वेळेइतकीच होती, ३७ मध्ये १८.

निशिगंध:

सानिका, भावाशी बोलताना त्याला मूर्ख ठरवू नकोस एवढंच सांगेन. हे सगळं वाचेपर्यंत मीही "लालची पाळी" म्हणत होते आणि मनापासून म्हणत होते.

सानिका_म:

नाही ताई, तो हुशार आहे, म्हणूनच जास्त काळजी वाटते. तो एका चॅनेलवर आहे, तिथे रोज प्रेडिक्शन देतात. सलग आठ-नऊ बरोबर आलेली त्याने स्वतः पाहिलीत, स्क्रीनशॉट नव्हेत, निकालाच्या आधी आलेले मेसेज. त्याचं काय?

बारीकनजर:

याची एक जुनी युक्ती आहे. १०२४ लोकांना वेगवेगळे मेसेज पाठवायचे. निम्म्यांना लाल, निम्म्यांना हिरवा. निकाल लागला की ज्यांचं चुकलं त्यांना सोडून द्यायचं. उरलेल्या ५१२ चे परत दोन भाग. पाच फेऱ्यांनी ३२ जणांनी सलग पाच बरोबर पाहिलेले असतात. दहा फेऱ्यांनी एक माणूस उरतो, ज्याने डोळ्यांदेखत दहापैकी दहा बरोबर पाहिले. त्या एकासाठी हा चमत्कारच असतो. पाठवणाऱ्याला मात्र रंगाबद्दल काहीही माहीत नव्हतं.

एकाच चॅनेलवर सगळ्यांना तोच मेसेज जात असेल तर आणखी सोपं. वीस चॅनेल काढायची, ज्याचं नशीब चांगलं निघेल ते पुढे करायचं, चुकलेले मेसेज पुसून टाकायचे. आणि "आमच्याच लिंकवरून अकाउंट उघडा" असा आग्रह असेल तर प्रेडिक्शन देणाऱ्याची कमाई प्रेडिक्शनमधून नाही, ती लिंकमधून होते. ज्याला पुढचा रंग खरंच माहीत आहे त्याला तुमच्या भावाच्या अकाउंटची गरज काय?

रातकिडा:

एक शेवटची शंका. समजा अॅपवाला निकाल स्वतःच ठरवत असेल, ज्या रंगावर कमी पैसे लागले तो रंग काढत असेल. बरेच लोक असं म्हणतात. मग तो पॅटर्नच झाला ना? कमी लोकांच्या बाजूने जायचं.

आकडेमोड:

चांगली शंका आहे. निकाल सर्व्हरवर ठरतो, आणि कोणी कुठे किती लावले हे फेरी बंद होताना सर्व्हरला माहीत असतं. त्यामुळे तसं करणं शक्य आहे. प्रत्येक ठिकाणी तसंच होतं असा दावा मी करणार नाही. पण असं होत असेल तर काय घडेल ते बघू.

निकाल गर्दीच्या विरुद्ध जाईल. गर्दी कधी लालकडे झुकते, कधी हिरव्याकडे. त्यामुळे निकालांची यादी दिसायला अगदी साधीसुधी यादृच्छिकच राहील, दोन्ही रंग जवळपास निम्मे-निम्मे, रांगाही नेहमीसारख्या. तुमच्या चार्टवर त्या लबाडीचा डागही दिसणार नाही, कारण ती लबाडी रंगांत नाही, रंग आणि पैसे यांच्या नात्यात आहे, आणि पैशांचे खरे आकडे फक्त चालवणाऱ्याकडे असतात. स्क्रीनवर "इतक्या जणांनी लाल लावला" असं दिसत असलं तरी तेही तोच दाखवतो.

काही ठिकाणी निकालाचा हॅश (निकालावरून काढलेली, उलटं सोडवता न येणारी खूण) आधी प्रसिद्ध करतात आणि सीड नंतर उघड करतात, म्हणजे निकाल मागाहून बदलला नाही हे कोणालाही पडताळता येतं. ही पद्धत पक्की आहे, आणि ती नसेल तर सरळ विचारावं, का नाही? पण ती असली तरी वरचं शुल्काचं गणित बदलत नाही. १० अंकांना समान संधी धरून हिरव्यावर १०० लावले तर सरासरीने परत येतात ९३.१० : चार वेळा १९६, एकदा १४७, पाच वेळा काही नाही, भागिले दहा. जांभळ्यावर साडेचारपट किंवा एका अंकावर नऊपट देत असतील तर १०० चे ८८.२०. खेळ प्रामाणिक असेल तर इतके जातात. नसेल तर किती, ते चालवणारा ठरवणार.

रातकिडा:

म्हणजे प्रामाणिक असेल तर पॅटर्न नाही, आणि नसेल तर तो माझ्या हाती नाही. चार्ट बघायची सवय जायला वेळ लागेल, पण पटलं.

खडूफळा:

लॉटरीच्या तिकिटाबद्दल एक गोष्ट राहिली. आकडे कसे निवडता याने जिंकण्याची शक्यता बदलत नाही. ४९ पैकी ६ मध्ये १, २, ३, ४, ५, ६ ला जी शक्यता, तीच इतर कोणत्याही सहांना : १,३९,८३,८१६ मध्ये एक. पण जिंकल्यावर किती वाटेकरी असतील ते बदलतं. १४ जानेवारी १९९५ ला ब्रिटनच्या लॉटरीत ७, १७, २३, ३२, ३८, ४२ आले आणि पहिल्या बक्षिसाचे १३३ जण मानकरी निघाले. सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांचे वाटे होऊन प्रत्येकाला १,२२,५१० पौंड मिळाले. माणसं सारखाच विचार करतात, वाढदिवस आणि शुभ आकडे धरतात, तिकिटावर सारख्याच आकृत्या काढतात. या सगळ्या विषयात खरा, मोजता येण्याजोगा पॅटर्न कुठे असेल तर तो इथे आहे, खेळणाऱ्यांच्या निवडीत.

सानिका_म:

सर, आकडेमोड, सगळ्यांचे आभार. डबलिंगचा हिशेब आज भावाला करायला लावला. सहाव्या फेरीच्या २.८० वर तो बराच वेळ अडकला, दोनदा परत मांडून बघितला. मग म्हणाला, डबलिंग सोडतो, पण माझं चार्टचं वाचन वेगळं आहे. आता पुढे काय बोलू?

आकडेमोड:

दोनदा मांडून बघितला म्हणजे त्याच्याशी आकड्यांत बोलता येतं, ही मोठी गोष्ट आहे. त्याच्या वाचनाचीही परीक्षा घेऊ, एक पैसाही न लावता.

शंभर फेऱ्या. निकाल लागायच्या आधी त्याने रंग लिहायचा आणि वही तुझ्याकडे द्यायची. निकालानंतर खाडाखोड नाही. "ही फेरी सोडली" असंही चालेल, पण तेही आधी लिहायचं, मागाहून नाही. लिहिलेले अंदाज शंभर भरेपर्यंत चालू ठेवायचं. नुसत्या अंदाजाने ५० च्या आसपास बरोबर येतील आणि साधारण ९६ टक्के वेळा ४० ते ६० च्या मध्ये. ५६-५७ आले तर तो खूश होईल. होऊ दे, पण लगेच दुसरे शंभर लिहायला लाव. पहिल्या शंभरात खरंच वाचन असेल तर ते दुसऱ्यातही दिसायला हवं. शुल्क आणि दीडपटीची कात्री धरली तर नुसतं बरोबरीत राहायलाही त्याला दर शंभरात साधारण ५४ बरोबर यायला हवेत, सतत. दोन्ही वेळचे आकडे इथे लिही, आपण सगळे मिळून बघू.

सानिका_म:

वही आणलीय. आज रात्री आम्ही सुरू करतो.